आमची वाटचाल : कशेडीच्या घाटापासून पुढे

१९९४ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गॅरेजसाठी पत्र्याची शेड भाड्याने घेतली, तेव्हा माझ्याकडे पान्यांचा एक सेट होता, एक जॅक होता आणि राबोडीचे चाचा होते. पैसा माझा, हात त्यांचा, अशी भागी. इंजिनचं पाणी गार करणारे रेडिएटर तेव्हा तांब्या-पितळेचे. गळका निघाला की उतरवायचा, रॉडिंग करायचं (नळ्यांत सळ्या घालून गाळ काढायचा), तेजाब लावून डाग द्यायचा, तोंडं बुचांनी बंद करायची आणि हौदात बुडवून आत हवा भरायची. चाचा काठावर उकिडवे बसून पाण्याकडे बघत राहायचे. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी त्यांचं एकच, "एक भी बुलबुला दिखा, तो गाडी नहीं जायेगी."

मग अ‍ॅल्युमिनियमचे कोअर (आतल्या जाळ्या) आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. त्यांना डाग कसला देणार? टाकी तडकली की बदलायची. चाचांचे गुडघेही गेले होते, ते घरी बसले. हौदात आम्ही जुने होज पाईप टाकायला लागलो.

२००९ च्या गणपतीच्या तोंडावर एक पांढरी छोटी गाडी आली. पाणी कमी होतंय, म्हणाले. वरचा होज क्लॅम्पपाशी चिरलेला होता, समोर दिसत होता. बदलला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) भरलं, पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, पंखा लागला, खाली थेंब नाही. बाहेर कोकणात जाणाऱ्या आठ गाड्या रांगेत. सोडली.

ती कशेडीच्या घाटात तापली. आत माणसं पाच, मखर, पूजेचं सामान. काटा लाल झाल्यावरही त्यांनी दोन वळणं चालवली (हे मी आजही सांगतो, कुणी ऐको न ऐको). इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं. गाडी टो करून परत आणली तेव्हा वॉटर पंपाच्या पोटाखालच्या भोकाशी हिरवट पापुद्रा जमलेला दिसला. म्हणजे पंपाचं सील आधीपासून रडत होतं. एक गळती सापडल्यावर दुसरी शोधायची असते, ती मी शोधली नव्हती. चूक माझी, पण अर्धी.

हेडचं फेसिंग, गॅस्केट, पंप, टोइंग, सगळं मी भरलं. पतपेढीचं कर्ज काढलं. खरा घाव पुढेच बसला. समोर वर्षभरापूर्वी काचेचं दार आणि स्कॅनर असलेलं गॅरेज उघडलं होतं. त्या मालकाने सोसायट्या-सोसायट्यांतून सांगितलं, "त्यांनी इंजिन घालवलं." माझी दोन पोरं त्याने पगार वाढवून नेली. दिवाळीला शेडमध्ये एक गाडी होती, तीही माझीच.

चाचांना भेटायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हौद का क्या किया?"

त्यानंतर प्रेशर टेस्टर घेतला, हौदाचं काम गाडीवरच करणारा. हातपंप, वर घड्याळ, वेगवेगळ्या तोंडांचे अडॅप्टर. इंजिन थंड करून रेडिएटरची कॅप काढायची, टेस्टर बसवायचा, कॅपवर ०.९ किंवा १.१ बार जे लिहिलं असेल तेवढाच दाब द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. काटा उतरला की टॉर्च आणि आरसा घेऊन खाली शिरायचं. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी सिलिंडरमध्ये किंवा केबिनमध्ये चाललंय. त्याच टेस्टरवर कॅपही तपासता येते. दाब धरून ठेवला तर पाणी शंभरला न उकळता एकशे पंधराच्या पुढे तग धरतं. कॅपचं रबर गेलं की हे सगळं संपलं, आणि लोक बदलतात रेडिएटर.

नौपाड्याच्या सरांनी मला सावरलं. निवृत्त शिक्षक, मारुती ८००, गाडी आमच्याकडे पहिल्या दिवसापासून. मधल्या काळात मुलाच्या आग्रहाने ते समोर गेले होते. तिथे हेड गॅस्केट गेलं म्हणून सांगितलं, खर्च अठ्ठावीस हजार. सर गाडी घेऊन माझ्याकडे आले, सोबत बाई. बाई उतरता उतरता म्हणाल्या, "माझ्या पायाशी काकवी सांडलीय का हो कुणी? वास येतोय." समोरच्याने ते एसीचं पाणी म्हणून उडवून लावलं होतं. एसीच्या पाण्याला वास नसतो, ते चिकटतही नाही. मॅट उचलली तर गालिचा चिकट, समोरच्या काचेवर आतून तेलकट थर. डॅशबोर्डमागची हीटरची जाळी फुटली होती, गरम कूलंट तिच्यातूनच फिरतं. दोन्ही होज एकमेकांना जोडून हीटर वगळला, रात्रभर दाब ठेवला. सकाळी काटा जिथल्या तिथे. ठाण्यात हीटर लागतो कुणाला? बिल झालं तीनशे चाळीस. सरांनी ते बिल सोसायटीच्या नोटीसबोर्डावर लावलं.

पुढची बारा वर्षं धंदा चालला.

आता विषय निघालाच आहे तर : इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, तोंड भाजेल. बोअरचं पाणी घालू नका, क्षार साठतात. गळती थांबवायला हळद किंवा बाटलीतली पावडर टाकू नका. ती भोकाआधी जाळी बंद करते, मग ती साफ करत आम्ही बसतो आणि शिव्या तुम्ही आम्हालाच देता. कूलंटचा रंग बघून टॉप-अप करू नका, गाडीचं पुस्तक बघा.

समोरचं गॅरेज लॉकडाऊननंतर बंद झालं. मला वाईट वाटलं असं लिहिलं तर चाचा कबरीतून हसतील. हौद मात्र मी पुन्हा घासूनपुसून ठेवलाय. अजून जुना एखादा रेडिएटर येतो.

ते कशेडीवाले पुन्हा कधी आले नाहीत. गाडी तीच आहे. कधीतरी तीन हात नाक्याच्या सिग्नलला पुढे दिसते. मी बाईकवर असतो, आणि सिग्नल सुटून ती हलली की आधी ती उभी होती तिथला डांबर बघून घेतो.