जॉन्सन १९१३: ते दोन रन सापडले!

मंडळी, सापडले! बेसबॉलमधला वॉशिंग्टनचा पिचर (बॉल टाकणारा) वॉल्टर जॉन्सन, त्याच्या १९१३ च्या हंगामाची आकडेवारी मी वहीत पुन्हा मोजतोय. त्यात जे दोन अर्न्ड रन (फील्डिंगच्या चुकीमुळे नव्हे, तर पिचरच्या खात्यावर धरलेले रन) तीन रविवार मला छळत होते, ते काल रात्री सापडले.

माझी बेरीज ४२ वर अडत होती आणि छापील आकडा ४४. ४२ धरले तर ईआरए (दर नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, जितका कमी तितका चांगला) १.०९, ४४ धरले तर १.१४. आधी वाटलं, स्कॅनमधला ३ आणि ८ चाच घोळ. मायक्रोफिल्मवरून केलेल्या स्कॅनमध्ये बॉक्स स्कोअरच्या (सामन्याच्या आकड्यांच्या छापील तक्त्याच्या) खालच्या ओळी काळ्याठिक्कर येतात. स्क्रीनवर झूम करत बसण्यापेक्षा प्रिंट काढून भिंग धरलेलं केव्हाही बरं, हे माझं ठाम मत. जून पुन्हा तपासला, मग ऑगस्ट. हाती काहीच नाही.

सुगावा लागला तो इनिंगच्या रकान्यात, कारण तो जुळत होता. इनिंग मी आता आउटमध्येच लिहितो, एका इनिंगचे तीन आउट (अर्धवट इनिंगचे एक-दोन आउट .१ आणि .२ असे लिहितात, त्यांची बेरीज स्प्रेडशीटवर सोडलीत तर वाट लागलीच म्हणून समजा). ३४६ इनिंग म्हणजे १०३८ आउट, एकही इकडचा तिकडे नाही. आउट बरोबर आणि रन कमी! म्हणजे जॉन्सनने एकही आउट न काढता रन दिले, असा सामना माझ्याकडून सुटला होता. आणि मी शोधत होतो त्याने सुरू केलेल्या सामन्यांत.

तो निघाला ४ ऑक्टोबरचा. वॉशिंग्टनमध्ये बॉस्टनविरुद्ध, हंगामाचा शेवट, निव्वळ गंमत म्हणून खेळलेला. वॉशिंग्टनचे ४३ वर्षांचे मॅनेजर क्लार्क ग्रिफिथ स्वतः पिचिंगला उतरले होते. जॉन्सन सेंटर फील्डला, म्हणजे पिचर नव्हे तर फील्डर म्हणून दिसला, म्हणून मी ते पान उलटलं होतं. मधेच त्याला पिचिंगला बोलावलं, त्याने दोन बॅटरना हलक्या हाताने बॉल टाकले, दोघांनी हिट मारले, आणि हा परत सेंटर फील्डला. पुढे ते दोघेही होमला पोचले, म्हणजे दोन रन झाले. सामना वॉशिंग्टनने १०-९ जिंकला. तेव्हाच्या हिशेबात हे दोन रन धरलेच नव्हते, ते नंतर जोडले गेले.

फरक ०.०५ चा, पण १९६८ च्या हंगामातला पिचर बॉब गिब्सन १.१२ वर, बरोबर या दोन आकड्यांच्या मधे बसतो! मी १.१४ च ठेवतोय. बॉल त्याच्याच हातून सुटला होता.

या फेरतपासणीत एक सुखही मिळालं. एप्रिल-मेमधली ५५⅔ इनिंगची बिनधावांची मालिका आउट मोजून पाहिली: १६७. पहिल्याच बेरजेत. पेन्सिल खाली ठेवून मी ते पान नुसतं बघत बसलो.

आता १९१४ सुरू करणार होतो, पण आधी ४ ऑक्टोबरचा सामना पूर्ण स्कोअर करेन. आणि हे लिहितानाच सुचलं: शून्य आउटच्या हजेरीला वेगळा रकानाच हवा. म्हणजे १९०७ पासूनच्या सगळ्या वह्या पुन्हा उघडणं आलं. १९१४ दिवाळीनंतर.