एक नंबरचा माणूस

ड्रायव्हरच्या दारावर खुर्चीची तीन बटणं आहेत. त्यातलं एक नंबरचं दाबलं की खुर्ची घूंऽऽ करत मागे सरकते, खाली बसते, दोन्ही आरसे मान वळवतात आणि गाडी माझ्यापेक्षा चांगल्याच उंच अशा एका माणसाची वाट बघायला लागते. हा गाडीचा आधीचा मालक. त्याला मी एकदाच भेटलो, तेही अर्धा तास. तरी त्याच्याबद्दल मी आता तासभर बोलू शकतो, कारण त्याने बसवून घेतलेल्या साउंड सिस्टीमच्या वायरी मी तीन रविवार वाचत होतो.

गाडी भारीतली, पण वय झालेली. नवी असताना तिच्या दाराला हात लावायचाही धीर मला झाला नसता. बघायला गेलो तेव्हा आत कुणीतरी बोलत होतं, आणि ते इतकं भरदार घुमत होतं की माझा निम्मा सौदा तिथेच झाला. घरी आणली, फोन जोडला, आवडतं गाणं लावलं. पडद्यावर गाण्याचं नाव आलं, सेकंद पळायला लागले. आवाज मात्र नाही. पेनड्राइव्ह लावला. तोही मुका.

साध्या गाडीत टेप बंद पडला तर इंजिन, वारा, खडखड सोबतीला असतात. या गाडीच्या काचा दुहेरी, दारं जाडजूड. इथली शांतता इतकी महागाची की स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू येतो.

पहिला रविवार फ्यूजमध्ये गेला. अशा गाड्यांत फ्यूज एका ठिकाणी नसतात. काही पुढे, काही मागे, आणि जो हवा तो नेहमी दुसऱ्या डब्यात. बॅटरीही डिकीत. डिकीचा गालिचा उचलला तेव्हा खरा मजकूर सापडला. कंपनीचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करून स्पीकरला देणारा डबा, काढून तिथे बाहेरचा अ‍ॅम्प बसवला होता आणि शेजारी प्लॅस्टिकची एक बारीक दोरी गुंडाळून ठेवली होती. 2001 च्या सुमारापासून अशा कितीतरी गाड्यांत आवाज तांब्याच्या वायरीतून जात नाही, या दोरीतून लाल उजेड होऊन धावतो. गाडीतले सगळे डबे तिच्यावर एकमेकांचे हात धरून फेर धरतात. एकाने हात सोडला की फेरच मोडतो, बाकीचे कितीही धडधाकट असोत. दोरी कोपऱ्यात जास्त दुमडली तरी उजेड वळणावर सांडतो.

इथे मात्र अ‍ॅम्प काढल्यावर मोकळ्या झालेल्या जागी छोटासा लूप बसवून फेर नीट जोडून घेतला होता. टोकावर धूळ बसू नये म्हणून टोपीसुद्धा घातली होती. म्हणजे माणूस काळजीवाहू, असं मी मनात लिहून ठेवलं. एका हाताच्या अंतरावर दोन वायरी नुसत्या पिळून त्यावर टेप मारलेली दिसली, तेव्हा ते खोडलं. हे काम दोघांचं असणार. एक जण शिकलेला, दुसऱ्याला जेवायला जायची घाई.

दुसऱ्या रविवारी स्पीकर तपासले. ही तपासणी मला फार आवडली. दीड व्होल्टचा सेल घ्यायचा आणि अ‍ॅम्पपासून सोडवलेल्या स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवायचा. शंकरपाळ्याएवढ्या सेलने... नाही, तेवढा लहान नव्हता. पण बोटाएवढ्या सेलने दारातून ‘खट्’ असं उत्तर येतं. चारही दारांनी हजेरी दिली. मीटरवर प्रत्येकाचा रोध तीन ओहमच्या जरा वर, म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला शोभेल असा. दार उघडझाप करून रबरी नळीतल्या वायरी तुटतात, तसंही काही नव्हतं. गळा शाबूत, जीभ शाबूत, तरी बाईसाहेब बोलायला तयार नाहीत.

एका जाणकार मित्राला फोन केला. तो म्हणाला, “अरे, अ‍ॅम्पला उठवतंय कोण ते बघ आधी.”

अ‍ॅम्पला बॅटरीतून जाड वायरीने वीज सतत मिळत असते, पण तो झोपून असतो. नाहीतर रातोरात बॅटरी पिऊन टाकेल. त्याला उठवायला डॅशबोर्डमधल्या हेड युनिटकडून, म्हणजे रेडिओ-गाणी लावायच्या मुख्य डब्याकडून, एक बारीक वायर येते. तिच्यावर 12 व्होल्ट आले की साहेब उठले. मी बॅटरी काढून सगळे जोड घासले, परत लावले आणि त्या वायरीवर मीटर धरला. 12 व्होल्ट! अ‍ॅम्पवर हिरवा दिवा! स्पीकरमधून बारीक खरखर! मी आनंदाने पुढे धावलो आणि फोन जोडून गाणं लावलं. शांतता. मागे येऊन बघतो तर दिवा विझलेला, मीटरवर शून्य. बॅटरी पुन्हा काढली, लावली. पुन्हा हिरवा दिवा, पुन्हा खरखर. गाणं लावलं की पुन्हा शून्य. माझ्या गाण्यांच्या निवडीवर गाडीचा आक्षेप असावा, असंही एकदा वाटून गेलं.

तिसऱ्या रविवारी आईला घेऊन निघालो होतो. तिला ही शांतता सोसेना.

“काय रे, एवढी मोठी गाडी आणि साध्या बातम्या लागत नाहीत?”

“आई, बिघडलंय ते.”

“बिघडलंय ते गाणं. रेडिओ लाव की.”

तिचं समाधान व्हावं म्हणून लावला आणि केंद्र शोधायचं बटण दाबलं. निवेदिका इतक्या जोरात कडाडली की मी ब्रेक दाबला. आई म्हणाली, “लागतोय की,” आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गाडी बाजूला घेतली आणि तिथेच हेड युनिट ओढून काढलं. त्याच्या मागच्या वायरींत दोन निळ्या असतात. निळी वायर वर-खाली होणाऱ्या अँटेनासाठी. बऱ्याच युनिटांत तिच्यावर वीज फक्त रेडिओ चालू असताना येते. निळीवर पांढरा पट्टा असलेली वायर अ‍ॅम्पसाठी. तिच्यावर काहीही वाजत असलं तरी वीज. जेवणाच्या घाईतल्या त्या माणसाने अ‍ॅम्प निळीला जोडला होता. बॅटरी काढून लावल्यावर युनिट सगळं विसरून रेडिओवरच उठायचं, 87.5 वर, जिथे कुठलंच केंद्र लागत नव्हतं. ती खरखर म्हणजे बिघाड नव्हताच. सिस्टीम पूर्ण तब्येतीने काहीच-नाही ऐकवत होती.

जोड बदलायला पाच मिनिटं लागली. आईने तेवढ्यात पुढची बातमी विचारली.

एक नंबरच्या माणसाला हा दोष कधी कळलाच नसणार. तो फक्त रेडिओ ऐकायचा. मी गाडी घेतली तेव्हा युनिटवर सहाही बटणांना एकेक केंद्र लावून ठेवलेलं होतं. मी ते पाहिलं होतं, आणि जुन्या वळणाचा दिसतोय, म्हणून सोडून दिलं होतं. बॅटरी काढताना ती सहाही पुसली गेली. कुठली होती, आता आठवत नाही.

खुर्ची मात्र काही विसरलेली नाही. परवा चुकून एक नंबर दाबला. मी मागे मागे सरकत गेलो, पाय क्लचपासून... क्लच नाहीच हिला, ब्रेकपासून सुटले, आरशात नुसतं आभाळ आलं. तसाच पडून रेडिओ लावला आणि एकेक केंद्र शोधत बसलो.