आई फडात, फॉर्म आजीचा

माझ्या संशोधनातला, बीड जिल्ह्यातल्या एका घराचा फॉर्म मी अजून बंद केलेला नाही. बाळ १४ महिन्यांचं, आई-वडील ऊसतोडीला गेलेले, सांभाळायला आजी.

घर मुलाच्या वाढीला किती पोषक आहे, हे आम्ही 'होम इन्व्हेंटरी'ने मोजतो. बेटी कॉल्डवेल आणि रॉबर्ट ब्रॅडली यांच्या या साधनात ३ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ४५ मुद्दे आहेत, उत्तर 'हो' किंवा 'नाही'. भेट तासाभराची, आणि बाळ जागं हवंच, कारण बरेच गुण बघून द्यायचे असतात: मोठं माणूस आपणहून बाळाशी बोललं का, ओरडलं का. पाहुण्यासमोर सुरुवातीला सगळेच जपून वागतात, म्हणून हे मुद्दे शेवटी भरायचे. बाळाच्या झोपेची वेळ आशाताईंना आधी विचारली नाही, तर फेरी वाया जाते.

प्रतिसादाच्या ११ मुद्द्यांत आजींना जवळपास पूर्ण गुण. भाकरी थापता थापता त्या बाळाच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर देत होत्या. खेळण्यांच्या ९ मध्ये घर कोरडं. ढकलायचं खेळणं आहे का? बाळ पालथं घमेलं अंगणभर ढकलत होतं, उंबऱ्याला अडलं की वळवून परत आणत होतं. मी 'हो' लिहिलं, सोबतच्या निरीक्षक मुलीने 'नाही'. दोघींनी एकमेकींशी न बोलता भरायचं आणि नंतर जुळणी काढायची असते; ती इथेच तुटली.

'वडील रोज बाळाचं काही करतात का', 'रोज एक तरी जेवण आई-वडिलांसोबत होतं का': दोन्हीकडे 'नाही'. दिवाळीच्या सुमाराला गेलेलं जोडपं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं. हेच घर भाद्रपदात मोजलं तर उत्तरं बदलतील.

संमतीचं तर विचारूच नका. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीला आई किंवा वडिलांचीच संमती हवी, आजीचा अंगठा चालत नाही. आई दिवसभर फडात, फोन लागतो तो रात्रीच. मग मजकूर फोनवर वाचायचा, होकार रेकॉर्ड करायचा, घराबाहेरचा साक्षीदार बसवायचा, आणि ही पद्धत आधी प्रस्तावात मंजूर करून घ्यायची. समितीतल्यांनी एकदा तरी फडावर यायला हवं.

मार्गदर्शकांना दर मुलामागे एकच आकडा हवाय. मी तक्त्यात 'सांभाळणारी व्यक्ती' आणि 'भेटीचा महिना' असे दोन रकाने वाढवलेत. पावसाळ्यात पुन्हा मोजणार. आजींचे गुण आईच्या नावावर मात्र मांडणार नाही.