काकूंची फाइल

जुलै २०१८. रिटर्नांची घाई. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसातून फोन आला, "लगेच या, काकूंनी व्हायरस घेतलाय."

काकू तिथल्या जुन्या हिशेबनीस. मी पोचलो तेव्हा दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, माउसला शिवायला तयार नव्हत्या. "अरे, बिल म्हणून वर्डची फाइल आली, ती उघडली. बाकी कशाला हात लावला नाही रे मी."

स्क्रीनवर सिक्युरिटी सॉफ्टवेअरचा लाल इशारा होता. लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. फाइल उघडताच वर्डसोबतचा इक्वेशन एडिटर आपसूक सुरू झाला होता आणि त्याने 'एमएसएचटीए' हा स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची यादी, चालवणारा विंडोजचाच प्रोग्राम चालवायला घेतला होता. समीकरणं लिहायच्या साधनाला स्क्रिप्ट चालवायचं काय काम? तेवढ्यावरूनच सॉफ्टवेअरने त्याचा गळा धरला. ती फाइल व्हायरसच्या यादीत नव्हतीच, वागणुकीवरून पकडली गेली.

हा एडिटर २००० सालचा. फाइलमधलं फॉन्टचं नाव तो लांबी न मोजताच मेमरीतल्या ठरावीक जागेत ओततो. नाव मुद्दाम लांबवलं की ते बाहेर सांडतं आणि प्रोग्रामने परत कुठे जायचं, तो पत्ताच बदलून टाकतं. मॅक्रोची, म्हणजे फाइलमध्ये दडवलेल्या छोट्या प्रोग्रामची, गरजच नाही. शिवाय तो वर्डबाहेर वेगळा चालतो, त्यामुळे वर्डची नवी कवचं त्याच्या अंगावर नसतात. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१७ मध्ये हे भोक बुजवणारा पॅच दिला, जानेवारीत तर एडिटरच काढून टाकला.

या ऑफिसात मात्र दोन्ही पोचलं नव्हतं. आदल्या वर्षी जीएसटीच्या धांदलीत साहेब म्हणाले, "आत्ता काही बदलू नका," म्हणून मी अपडेट थांबवले आणि पुन्हा सुरू करायचं राहून गेलं. हे मी साहेबांना सगळ्यांसमोर सांगितलं. काकूंच्या जागी मी असतो तरी तेच झालं असतं, हेही सांगितलं. माझी ती चूक मला फार लागली होती.

मग एकेक मशीन अपडेट करत बसलो. स्कॅनरजवळच्या कॉम्प्युटरवर सिक्युरिटी सॉफ्टवेअरची मुदत कधीच संपली होती. तीच फाइल तिथे उघडली असती तर! अंगावर काटा आला.

संध्याकाळी काकूंनी विचारलं, "बँकेचं स्टेटमेंट आलंय. उघडू का रे?" मेल कुठून आला ते दोघांनी मिळून पाहिलं. "उघडा," म्हटलं, आणि आकडे दिसेपर्यंत त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहिलो.