रिपोर्ट हिरवा, गाडी बेचैन

अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन मोजणाऱ्या मशिनवर सगळे आकडे हिरवे दिसतात आणि तरीही ड्रायव्हरची तक्रार खरी असते, अशी केस क्वचित येते. नवतप्यात नागपूरच्या धरमपेठेतले एक डॉक्टर त्यांची ऑडी टीटी घेऊन वर्धा रोडवरच्या आमच्या वर्कशॉपला आले, ती अशीच केस होती. गाडी सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. मूळचे १८ इंची रिम उतरवून २० इंची काळे मॅगव्हील नुकतेच चढवले होते. दोन ठिकाणी अलाइनमेंट करून झालं होतं आणि दोन्ही रिपोर्ट फाइलमध्ये सोबत होते.

"सरळ रस्त्यावर काही त्रास नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वळणात पुलाचा सांधा आला की गाडी बाहेर सरकून राहिली असं वाटते. आणि ब्रेक मारला की स्टिअरिंग हातातून ओढते. दोन्हीकडे सांगितलं, गाडी ठीक आहे, तुमच्या मनात शंका आहे."

पंधरा वर्षं तीच गाडी चालवणाऱ्यालाही जे नेमकं सांगता येत नाही, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी गाडी रॅम्पवर घेतली. टो, कॅम्बर, कॅस्टर हे चाकांचे कोन सगळे मर्यादेत. चाकाला सस्पेन्शन आणि स्टिअरिंगशी जोडणारे भाग, म्हणजे लोअर आर्मचे बुश, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट हलवून पाहिले, कुठेच ढिलाई नाही. म्हणजे आधीच्या दोन्ही दुकानांनी काम नीट केलं होतं. फक्त मशीन जे मोजतं तेवढंच मोजलं होतं.

डॉक्टरांनी मोबाइलवर हिशोब दाखवला. जुना टायर २४५/४० आर १८ (रुंदी २४५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत तिच्या ४० टक्के, रिम १८ इंची), बाहेरचा व्यास ६५३ मिमी. नवा २५५/३० आर २०, व्यास ६६१ मिमी. फरक ८ मिमी, सव्वा टक्क्याच्या आत. "व्यास जुळवूनच घेतले आहेत. मग बिघडलं काय?"

हिशोब अगदी बरोबर होता. या फरकाने स्पीडोमीटर फारसा चुकत नाही, ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी एबीएस गोंधळत नाही. पण व्यास जुळला याचा अर्थ एवढाच की गाडीचा वेग बरोबर दिसेल. गाडी वळणात कशी वागेल, याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. मोठे रिम घेणारे बहुतेक जण इथेच थांबतात, आणि विकणारेही त्यांना इथेच थांबू देतात. मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, सिमेंटचा रस्ता तापायच्या आत, आम्ही दोघं आऊटर रिंग रोडला गेलो. स्टिअरिंग माझ्याकडे होतं. पहिल्या वळणात गाडी फार छान वाटली, हे कबूल केलंच पाहिजे. साइडवॉल ९८ मिमीवरून साडेशहात्तरवर आलेली. रबर कमी वाकतं, म्हणून स्टिअरिंग हलवताच नाक वळतं. लोक ज्या टोकदारपणासाठी पैसे मोजतात तो भास नसतो, तो खराच असतो. गुळगुळीत डांबरावर तो टिकतोही.

मग तो सांधा आला. वेग साठच्या आसपास, उजवं वळण. हाताला एक कडक झटका बसला आणि गाडी वीतभर बाहेर सरकली. डॅशबोर्डवर ईएससीचा, म्हणजे घसरती गाडी सावरणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा लुकलुकला. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त दिव्याकडे बोट केलं. पुढे रिकाम्या रस्त्यावर डावी चाकं कडेच्या वाळूत घेऊन हलका ब्रेक लावला. स्टिअरिंगने स्पष्ट ओढ घेतली.

वर्कशॉपला परत येऊन चाकं उतरवली, आणि आमच्या फिटरने हाक मारली, "भाऊ, हे पाहा न जी." पुढचं डावं रिम त्याने पालथं केलं होतं. रिमचं मधलं भोक ६६.६ मिमी. टीटीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग, ५७.१ मिमी. मधली फट भरायला जी हबरिंग बसायला हवी ती चारही चाकांत नव्हतीच. चाक हबवर टेकलेलंच नव्हतं, नुसत्या पाच बोल्टांवर लटकलेलं होतं. आणि बोल्टही कंपनीचेच, गोल बुडाचे. कंपनीच्या रिमला गोल सीट, म्हणजे बोल्ट टेकायची खाच, असते. या रिमला निमुळती सीट होती. गोल बुडाचा बोल्ट निमुळत्या सीटमध्ये सगळीकडे टेकत नाही, एका बारीक रेषेवर टेकतो. टॉर्चच्या उजेडात प्रत्येक भोकात ती रेष दिसत होती: काळ्या रंगावर नखाच्या कडेएवढी चकचकीत कडी, एका बाजूला जास्त घासलेली. १२० न्यूटन मीटरचा टॉर्क लावला तरी अशा पकडीचा भरवसा नाही. समृद्धीवर १२० च्या वेगाने हे चाक फिरत होतं, हा विचार आला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी डॉक्टरांना जवळ बोलावून बोट लावून ती कडी दाखवली. त्यांनी रोज हाडात स्क्रू बसवलेले, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

हा धोक्याचा भाग. हँडलिंगचं कोडं मात्र एवढ्याने सुटत नव्हतं.

डॉक्टरांच्या घरी पडून असलेली जुनी १८ इंची चाकं मागवली आणि जुनं-नवं चाक काट्यावर ठेवलं. जुनं टायरसकट २२ किलो, नवं साडेसव्वीस. साडेचार किलो ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. सांध्यावर चाक वर उडालं की स्प्रिंग त्याला खाली ढकलते, पण त्याची उसळी आवरायचं काम शॉकअॅब्सॉर्बरचं, आणि तो कंपनीने बावीस किलोच्या चाकासाठी बसवलेला. जड चाकाला तो वेळेत आवरू शकत नाही. चाक जितका वेळ हवेत किंवा अर्धवट टेकलेलं, तितका वेळ पकड नाही. त्यात साइडवॉल ठेंगणी, म्हणजे छोटा धक्का गिळणारा पहिला थरही पातळ झालेला. वळणातलं ते वीतभर सरकणं इथून येत होतं.

ब्रेकची ओढ वेगळ्याच ठिकाणाहून येत होती. रिमच्या पाठीवर छापलेला ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून हबवर टेकणाऱ्या बाजूचं अंतर, जुन्यापेक्षा २० मिमीने कमी, रिमची रुंदी तीच. म्हणजे टायरचा मध्य दोन्हीकडे दोन-दोन सेंटीमीटर बाहेर गेलेला. दिसायला हे झकास, चाक फेंडरच्या काठाशी येतं. पण स्टिअरिंग फिरवल्यावर पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेष जमिनीला जिथे भेटते, तिथून टायरचा मध्य किती अंतरावर आहे, हे डिझायनरने मिलिमीटरमध्ये ठरवलेलं असतं. १९७२ साली आलेल्या ऑडी ८० मध्ये तर हे अंतर मुद्दाम उलट्या बाजूला ठेवलं होतं, म्हणजे एक चाक घसरट जागेवर असताना ब्रेक लावला तरी गाडी स्वतःच सरळ राहायला मदत करेल. इतक्या मेहनतीने साधलेली गोष्ट २० मिमीच्या शोभेसाठी घालवायची, हे मला पटत नाही. भरलेली बादली अंगाजवळ धरा आणि हात लांब करून धरा, बेअरिंगवर काय ताण येतो ते त्यातून कळेल. टो आणि कॅम्बर मोजणाऱ्या मशिनला हे अंतर दिसतच नाही, म्हणून रिपोर्ट हिरवा.

हवेचाही प्रश्न होता. जुन्या टायरवर लोड इंडेक्स (भार पेलायच्या ताकदीचा आकडा) ९७, म्हणजे एका टायरला ७३० किलो. नव्यावर ९२, म्हणजे ६३०. भार गाडीचा तोच, टायरची ताकद शंभर किलोने कमी, आत हवेला जागाही कमी, आणि हवेचा दाब मात्र दाराच्या चौकटीवरच्या जुन्या स्टिकरप्रमाणे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून लोक हवा काढतात, तेही इथे झालं होतं. हवा थंड टायरमध्येच, सकाळीच पाहायची असते.

मागवलेल्या जुन्या १८ इंची चाकांचे टायर निम्म्याहून जास्त शिल्लक. ती चाकं चढवली, बॅलन्सिंग केलं. अलाइनमेंटला मुद्दाम हात लावला नाही, कारण मला एकच गोष्ट बदलून पाहायची होती. या वेळी स्टिअरिंग डॉक्टरांकडे दिलं. तोच पूल, तेच वळण, तोच वेग. सांध्यावर धप्प आवाज आला, गाडी एकदा दबली आणि आपल्या रेषेत निघून गेली. दिवा लागला नाही. त्यांनी पुढून यू-टर्न घेतला आणि काही न विचारता पुन्हा तेच वळण घेतलं. मग वाळूच्या कडेला ब्रेक. स्टिअरिंग जागच्या जागी.

"नाक थोडं आळशी झालं," ते म्हणाले. खरंच झालं होतं. मी ते नाकारलं नाही.

"मग हबरिंग आणि बरोबर बोल्ट लावून वीसच ठेवले तर?"

"चाक निघून जायची भीती जाईल," मी म्हणालो. "वजन आणि ऑफसेट तसेच राहतील. सांध्यावर गाडी तशीच सरकेल."

"आणि १९?"

हा प्रश्न मला आवडला, कारण त्याचं उत्तर चांगलं आहे. २४५/३५ आर १९ चा व्यास ६५४ मिमी, मूळ टायरपेक्षा जेमतेम १ मिमीने जास्त. साइडवॉल ८६ मिमीच्या आसपास, म्हणजे नाकाचा टोकदारपणा बराचसा मिळतो आणि धक्का गिळायला रबरही उरतं. अट एवढीच की ऑफसेट कंपनीच्या जवळपास हवा, मधलं भोक ५७.१ किंवा नेमकी रिंग हवी, बोल्ट रिमच्या सीटप्रमाणे हवेत, आणि टायरसकट चाक जुन्यापेक्षा जड नको. शेवटची अट सगळ्यात महागडी. ती स्वस्तातल्या ओतीव रिमला जमत नाही, दाबून घडवलेलं, म्हणजे फोर्ज्ड किंवा फ्लो-फॉर्म्ड घ्यावं लागतं. विकत घेण्याआधी दुकानात काटा मागा, असं मी त्यांना सांगितलं.

डॉक्टरांनी सगळं रिपोर्टच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेतलं आणि २० इंची चारही रिम, बोल्टांशिवाय, आमच्याकडे ठेवून १८ वर घरी गेले. जाताना एवढंच म्हणाले, की हे रिम दुसऱ्या टीटीवाल्याला विकू नका, आधी त्याला ती कडी दाखवा.