दोन इंचांचा हट्ट

मारुतीची जिप्सी दुकानात शिरली तेव्हा पुढची चाकं सरळ होती आणि स्टेअरिंग मात्र चांगलं डावीकडे वळलेलं. एवढ्यावरून माझ्यासारख्याला निम्मी गोष्ट कळते. वागळे इस्टेटमध्ये माझं अलाइनमेंट आणि सस्पेन्शनचं दुकान आहे. पाऊस तोंडावर आला की जुन्या जिप्स्या, महिंद्राच्या मेजर, एमएम ५४० जीपा अशी मंडळी हजेरी लावायला लागते, आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या कुठून तरी ‘उचलून’, म्हणजे लिफ्ट करून, उंची वाढवून आणलेल्या असतात.

चालवणारा पोरगा पंचविशीचा, ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. शेजारी त्याचे वडील, मांडीवर रेक्झिनची पिशवी. पिशवीत आरसीपासून पीयूसीपर्यंत सगळे कागद. गाडी २००९ची, एमजी ४१३ डब्ल्यू, १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन, वडिलांनी नवी घेतलेली. गाव मुरबाडच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याकडे. भाताच्या शेतापर्यंत पोचायला दोन ओढे आणि पावसाळ्यात रस्ता म्हणून जो काही चिखल उरतो तो. म्हणजे फोर बाय फोर, चारही चाकांना जोर देणारी गाडी, यांना खरोखर लागते. नाही तर आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या फोर बाय फोर ठाण्यातल्या मॉलच्या पार्किंगच्या पुढे चढत नाहीत.

“दादा, लिफ्ट झालंय, टायर पण झालेत. फक्त अलाइनमेंट मारून द्या,” पोरगा म्हणाला.

“आधी बरी होती हो,” वडील म्हणाले. पोराने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

मशीनवर घ्यायच्या आधी मी गाडी स्वतः चालवून बघतो. पोरगा बाजूला बसला, काका मागे. माजिवड्यावरून घोडबंदर रोडला लागलो. स्टेअरिंग हलकं लागत होतं, पण वळण घेतल्यावर ते आपण होऊन परत सरळ येत नव्हतं, ढकलून आणावं लागत होतं. खड्डा आला की गाडी स्वतःच थोडी बाजूला जायची. मानपाड्याचा पूल चढलो, काटा साठच्या आसपास, आणि पुलाच्या सांध्यावरून पुढची चाकं गेली तशी स्टेअरिंगने हातात थैमान घातलं. थरथर म्हणण्यासारखं ते नव्हतंच. पुढचा पूर्ण हौजिंग, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, डावीकडे-उजवीकडे फेकला जात होता, डॅशबोर्ड खडखडत होता, काकांची पिशवी खाली पडून कागद पसरले. अशा वेळी जोरात ब्रेक मारायचा नसतो आणि स्टेअरिंगशी कुस्तीही खेळायची नसते. घट्ट धरलं, ॲक्सिलरेटर सोडला, वेग उतरू दिला. तिशीच्या खाली आल्यावर गाडी शहाणी झाली. मागे बस होती, तिच्या ड्रायव्हरने अंतर राखलं होतं म्हणून बरं.

“असं आधी झालंय का?”

“एकदा-दोनदा,” पोरगा म्हणाला. काकांनी पोराकडे असं पाहिलं की मी पुढचं काही विचारलं नाही.

याला इंग्रजीत डेथ वॉबल म्हणतात, आणि नाव उगाच दिलेलं नाही. सलग हौजिंग असलेल्या गाडीत ही खोड येते. किंगपिन बेअरिंग सैल, टाय रॉडचे बॉल घासलेले, चाकं बॅलन्समध्ये नसलेली, आणि सगळ्यांचा मुकादम म्हणजे कमी पडलेला कॅस्टर. चाकाचा किंगपिन, म्हणजे चाक ज्याच्याभोवती वळतं तो खुंटा, वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेला असतो, तो झुकाव म्हणजे कॅस्टर. त्याच्यामुळे चाक आपण होऊन सरळ यायला बघतं. जिप्सीला तो कंपनीकडून तीन-साडेतीन अंशांचा मिळतो. चाकं वळवून मोजायच्या टर्न प्लेटवर घेऊन मोजला तर या गाडीत एक अंशही भरला नाही.

रॅम्पवर घेतल्यावर कारण समोर लटकत होतं. ज्याने कोणी हे काम केलं होतं त्याने सस्पेन्शनच्या चारही पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कड्या, लावल्या होत्या आणि वर प्रत्येक जुडग्यात एक जादा पाटा कोंबला होता. लांब शॅकल ही स्वस्तातली उंची. शॅकल दोन इंच वाढवली तर गाडी एकच इंच उचलते, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं, दुसरं जागच्या जागी. एकच टोक खाली गेलं की पाटा तिरपा होतो, त्याला बांधलेला हौजिंग फिरतो आणि कॅस्टर खाऊन टाकतो. शिवाय गाडी वर गेली तरी स्टेअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणारा ड्रॅग लिंक तेवढाच लांब, म्हणून तो जास्त तिरपा झाला. त्या तिरपेपणामुळे स्टेअरिंग वाकडं, आणि खड्ड्यात चाक वर-खाली झालं की लिंक चाकाला ओढतो, ढकलतो. जादा पाट्याने सस्पेन्शन असं कडक केलेलं की काकांचा मणका महिनाभर तेच सांगत असणार. हजार किलोच्या आतबाहेरची हलकी गाडी ही, तिला ट्रकचे पाटे काय करायचेत? ब्रेकचे होज मूळचेच ठेवलेले. चाक पूर्ण खाली लोंबवलं तर पुढचा उजवा होज तारेसारखा ताणला जात होता.

मग टायर. २३५/७५ आर १५, मातीचे, मोठमोठ्या गुट्ट्यांचे, दिसायला झकास. पोराने सेकंडहँड घेतले होते, “नव्वद टक्के रबर आहे दादा.” रबर होतंच. मी टॉर्च घेऊन टायरच्या बाजूवरचा लंबगोल शिक्का शोधला. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. पोराला म्हटलं, वाच. तो वाचला: २३१२. म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. गुट्ट्यांच्या मुळाशी बोट फिरवायला लावलं. बारीक बारीक चिरा, काही ठिकाणी नख अडकेल इतक्या. नक्षी कितीही खोल असो, बनवल्यापासून दहा वर्षं झाली की टायर काढून टाकायचा, हे टायर कंपन्या स्वतःच सांगतात. काका खाली वाकून बघत होते. त्यांनी पोराला एवढंच विचारलं, “आणि किती दिलेस?” उत्तर मला ऐकू आलं नाही.

चहा मागवला. पोरगा नाराज होता, पण विचारणारा होता. म्हणाला, “पण दादा, ओढ्यात दगडांना गोळा घासतो. उंची तर लागणारच ना?”

हा प्रश्न बरोबर होता, म्हणून त्याला गाडीखाली नेलं आणि हौजिंगच्या मधल्या डिफरन्शियलच्या गोळ्याखाली स्टीलची पट्टी उभी धरली. म्हटलं, लिफ्टने चेसिस वर जाते, बॉडी वर जाते. हा गोळा कुठे जातो? हौजिंग चाकांवर उभा आहे. पाटे कितीही उचल, गोळा जागचा हलत नाही. तो उचलतो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्मा.

मग खडूने फरशीवर हिशेब मांडला. मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास ६६८ मिलिमीटर. २१५/७५चा ७०३ आणि वर थोडा. २३५/७५चा ७३३ आणि वर थोडा. म्हणजे २१५ने गोळा सुमारे १८ मिलिमीटर वर येतो, २३५ने ३३. दोघांतला फरक १५ मिलिमीटर. मी करंगळी आडवी धरून दाखवली. एवढ्या करंगळीभर उंचीसाठी तू काय काय दिलंस ते मोज. जिप्सीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद, २३५ला किमान सहाची लागते. अरुंद रिमवर टायर मधेच फुगतो, मधेच झिजतो, आणि चिखलासाठी हवा कमी केलीस तर रिमवरून उतरायला बघतो. चाक दहा टक्के मोठं झालं म्हणून काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टने पळते. इंजिन तेच, ८० हॉर्सपॉवरचं, त्यामुळे माळशेजमध्ये पाचवा गिअर विसरायचा. ब्रेकलाही तेच जड चाक थांबवायचं आहे. आणि पूर्ण डावीकडे वळवल्यावर टायर पाट्याला घासत होता, पाट्याच्या कडेवर चकाकी आलेली स्पष्ट दिसत होती.

पाचव्या चाकाचं तर त्याच्या डोक्यातच नव्हतं. मागे लटकलेली स्टेपनी अजून २०५चीच. फोर बाय फोर टाकलेली असताना एका चाकाचा व्यास वेगळा म्हणजे पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी भांडतात, आणि मार ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीला. ओढ्यापलीकडे पंक्चर झालं तर हेच होणार होतं.

काकांची काळजी वेगळीच होती. पंधरा वर्षं भरत आलेली, नोंदणीचं नूतनीकरण करायचं, आरटीओत पासिंगला गाडी न्यायची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं कलम घातलं. मी वकील नाही, पण उंटासारखी उभी जिप्सी इन्स्पेक्टरपुढे नेऊन “तेवढं चालवून घ्या” म्हणणं मला जमत नाही, आणि काकांना तर मुळीच जमलं नसतं.

एक गोष्ट पोराच्या बाजूची होती. गाडी खरंच बसली होती. सगळं भंगार उतरवून मूळ शॅकल लावल्या आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजलं तर उजवी बाजू, म्हणजे ड्रायव्हरची, डावीपेक्षा बोटभर खाली. पंधरा वर्षांत पाट्यांनी कमान सोडली होती. त्याला जी उंची कमी वाटत होती, त्यातली बरीचशी कंपनीने दिलेलीच होती, फक्त हरवलेली. पाटे उतरवून कळंबोलीला ट्रकवाल्यांच्या पाटेवाल्याकडे पाठवले. तापवून कमान दिली की पाणी नीट द्यावं लागतं, नाही तर दोन महिन्यांत पुन्हा बसतात. हा माणूस ते काम जाणून करतो. नवे बुश, पाटे हौजिंगला आवळणारे नवे यू-बोल्ट (जुने यू-बोल्ट परत वापरणाऱ्याला मी दुकानात उभा करत नाही), किंगपिनची बेअरिंगं, टाय रॉडचे बॉल. टायर २१५/७५, ऑल टेरेन, पाच. मातीच्या टायरसाठी पोराने शेवटचा जोर लावून पाहिला. चिखलात तो भारी असतो, त्यात वाद नाही. पण मुरबाडच्या चिखलात गाडी जाणार शनिवार-रविवारी, बाकी आठवडाभर ऐरोलीच्या ओल्या डांबरावर, आणि तिथे त्या मोठ्या गुट्ट्यांची पकड कमी. चिखलात हवा अठरा-वीसवर उतरव, बाहेर आलास की भर, म्हटलं. तेवढ्यासाठी सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप घे.

जोडणी झाल्यावर उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितलं. कुठेही घासत नव्हतं. होज सैल. कॅस्टर तीनच्या वर. त्याच मानपाड्याच्या पुलावर त्याच वेगाने पोरालाच चालवायला दिली, मी बाजूला. सांधा आला, गेला. काका दुकानातच थांबले होते, त्यांना परत त्या पुलावर यायचं नव्हतं.

पासिंग झालं. मग जुलैत पोराने व्हिडिओ पाठवला. ओढ्याला गुडघाभर गढूळ पाणी, जिप्सी फोर लोमध्ये, म्हणजे चारही चाकांच्या हळू पण जोरदार गिअरमध्ये, सावकाश पलीकडे चढते आणि मागून काका ओरडताहेत, “हळू रे, हळू!” मी फोन लावला. पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळायला ये म्हटलं होतं, नवी कमान दिलेले पाटे बसले की ते सैल पडतात.

“आलास का मग?”

“दादा, तेच राहिलंय.”

“रविवारी ये. दहाच्या आत. नंतर गर्दी असते.”