निपाणीचं मशीन उचललं : चार जागांचा हिशेब

मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की निपाणीचं व्हेंडिंग मशीन म्हणजे आपलं कमावतं पोर. ते शब्द मागे घेतो. गेल्या शनिवारी ते टेम्पोत घालून बेळगावला परत आणलं.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात : नोकरी सांभाळून छंद म्हणून चार जुनी व्हेंडिंग मशीनं चालवतो, म्हणजे पैसे टाकले की पाण्याची बाटली नाहीतर बिस्किटाचा पुडा बाहेर टाकणारी कपाटं. एक बेळगावातल्याच उद्यमबागच्या एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात), एक टिळकवाडीच्या अभ्यासिकेत, एक खानापूरच्या एका दवाखान्यात आणि चौथं निपाणीत, हायवेलगतच्या लॉजच्या पोर्चमध्ये. गेल्या महिन्याची विक्री अशी : निपाणी 21,400, टिळकवाडी 14,600, उद्यमबाग 12,300, खानापूर 9,800. मशीनमधल्या सिमकार्डामुळं हे आकडे रोज रात्री फोनवर येतात, आणि मी ते क्रिकेटचा स्कोअर बघावा तसा बघत बसायचो.

निपाणी माझी सासरवाडी. त्यामुळं वहीत त्या मशीनपुढं पेट्रोलचा रकानाच नव्हता. तसंही जातोच की आपण! एका रविवारी हत्तरगीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो. मागच्या सीटवर कोल्ड्रिंकचे क्रेट. बायको म्हणाली, "अहो, एक विचारू? मशीन नसतं तर तुम्ही दर रविवारी माझ्या माहेरी आला असता?"

मी गाणं बदललं. घरी आल्यावर मात्र रकाना आखला.

21,400च्या विक्रीतून मालाची खरेदी वजा जाता 5,300 राहतात. लॉजवाल्यांचं भाडं 1,500. सबमीटरवर 188 युनिट, दहा रुपयांच्या दरानं 1,880. सिम आणि क्यूआरच्या बोर्डाचे 300. उरले 1,620. आता फेऱ्या : जाऊन येऊन दीडशे किलोमीटर, पेट्रोल आणि टोल मिळून एक फेरी हजाराच्या घरात. महिन्याला चार. म्हणजे तेवीस-चोवीसशे रुपये मीच दर महिन्याला लॉजच्या पाहुण्यांवर उधळत होतो, आणि चारही रविवार वर.

फेऱ्या कमी करून पाहिल्या. शुक्रवार-शनिवारीच थंड बाटल्यांचे ट्रे रिकामे होतात, मग विक्रीच पडते. मेहुण्याला किल्ली देऊन पाहिली. त्यानं हौसेनं मशीन भरलं, पण 20ची बाटली 10च्या स्प्रिंगेत लावली. (स्प्रिंग म्हणजे माल रांगेत धरणारं वेटोळं; ते फिरलं की पुढचा नग खाली पडतो.) भाव मालाला नसतो, स्प्रिंगेच्या नंबराला असतो, हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी फोनवर धडाधड विक्री येताना पाहून मी खूश होतो, हे इथं कबूल करून टाकतो.

परदेशातले व्हिडिओ बघून हिशेब मांडणाऱ्यांना एक सांगतो. तिकडं मशीनवाला आपल्या मनानं भाव लावतो. आपल्याकडं छापील एमआरपीच्या वर एक रुपया घेता येत नाही. वजनमापाच्या कायद्यात ते बसत नाही. म्हणजे दुकानदाराला जे मार्जिन, तेच आपल्याला, आणि त्यातूनच वीज, भाडं, पेट्रोल सगळं भागवायचं. म्हणून जागेआधी स्प्रिंगेचा हिशेब करा. पाच रुपयांच्या बिस्किटात मला पन्नास पैसे सुटतात. एका स्प्रिंगेत दहा पुडे, म्हणजे अख्खी रांग विकली तरी पाच रुपये. त्याच रांगेत होलसेलनं आणलेल्या पाण्याच्या 20च्या बाटल्या लावल्या तर बाटलीमागं आठ सुटतात. टिळकवाडीत पोरं नेमके पाचचे पुडेच घेतात, त्यामुळं विक्री दुसऱ्या नंबरची आणि कमाई तिसऱ्या. तिथल्या पुड्यांच्या चार रांगा काढून चिक्की लावली आहे. तक्रारी आल्या, पण चिक्की संपतेय.

उद्यमबागचं मशीन विक्रीत तिसरं, पण शेवटी हातात सगळ्यात जास्त तेच ठेवतं : 2,900च्या आसपास. भाडं नाही, विजेचे पैसे नाहीत. कामगार दर तासाला गेटबाहेर टपरीवर जाऊ नयेत म्हणून शेठनाच मशीन हवंय. माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, स्कूटर उभी करायची, वीस मिनिटांत भरून निघायचं. पाणी, भडंग, शेंगदाणा चिक्की आणि गोकाकचं करदंट, म्हणजे गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याची वडी. करदंटाचं छोटं पाकीट रात्रपाळीत चांगलं जातं. सुटं नव्हे हं; तारीख, एमआरपी आणि फूड लायसन्सचा नंबर छापलेलंच ठेवायचं.

तिथला त्रास वेगळा : वाळू. ओतकामाच्या साच्यांची काळी बारीक धूळ कंडेन्सरच्या, म्हणजे मशीनमधली उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पातळ पत्र्यांत जाऊन बसते. जूनमध्ये पाणी कोमट यायला लागलं, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेईना. मला वाटलं गॅस गेला. मेकॅनिकनं मागची जाळी काढली, टॉर्च मारला आणि नुसता हसला. पत्र्यांमध्ये काळी गोधडी विणल्यासारखी धूळ. जुन्या पेंटब्रशनं झाडली, सायकलच्या पंपानं हवा मारली. अर्ध्या तासात कॉम्प्रेसर बंद-चालू व्हायला लागला. आता दर सोमवारी ब्रश. पत्रे उभे असतात, ब्रश उभाच फिरवायचा. आडवा फिरवला तर ते वाकतात, हेही करून झालंय.

राहिलं खानापूर. वहीनं तिथलंही मशीन काढ म्हणून सांगितलं असतं. 26 किलोमीटर लांब, आणि सगळं जाऊन हातात साडेसहाशे. पण तिथं रात्री दहानंतर खप होतो. जांबोटी, कणकुंबीकडची माणसं पेशंटसोबत आलेली असतात, समोरची चहाची गाडी बंद झालेली असते. मी वॉचमन मामांना म्हटलं, बहुतेक मशीन नेणार. ते म्हणाले, "नेऊ नका हो. रात्री बिस्कीट मागायला माणसं माझ्याकडंच येत्यात, खरं माझ्याजवळ काय असतंय?" दहाची नाणी कशी टाकायची तेही तेच दाखवतात. वापराच्या सूचना आधी नुसत्या इंग्रजीत होत्या. आता वर कन्नड, खाली मराठी स्टिकर आहे. मामांना हाका थोड्या कमी येतात.

मग वीज पाहिली. खानापूरच्या त्या पावसात सहा डिग्रीचं पाणी कोण पिणार? थर्मोस्टॅट 14वर नेला. युनिट 150वरून 90वर आली, म्हणजे सरळ 600 वाचले. विक्री तसूभरही हलली नाही. साडेसहाशेचे साडेबाराशे झाले. उन्हाळ्यात परत खाली आणावा लागेल, म्हणून मार्चपर्यंत ठेवतोय, मग बघू.

निपाणीचं मशीन आणताना चार हमाल आणि एक टेम्पो मिळून 3,800 गेले. जागा सोडायचाही खर्च असतो, तो मी कधी धरलाच नव्हता. आडवं टाकू दिलं नाही, उभंच दोरखंडानं बांधून आणलं आणि तरीही रात्रभर तसंच ठेवून सकाळी प्लग लावला, कॉम्प्रेसरचं तेल खाली बसावं म्हणून. चालू झालं. सध्या आमच्या पडवीत आहे. शहापुरातल्या एका पॉवरलूमवाल्यांशी बोलणं चाललंय : भाडं नाही, वीज अर्धी-अर्धी. तिथं आधी दोन संध्याकाळी नुसता जाऊन बसणार आहे, किती माणसं टपरीवर जातात ते मोजायला.

काल सासऱ्यांचा फोन आला. या रविवारी येणार ना, म्हणून विचारत होते. बायकोनं फोन माझ्याकडं दिला.